दोन बोटांनी फिरणारे चाक

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मेस्त्री गॅरेज चालवीत असे. घाट चढणारी प्रत्येक गाडी त्याच्या दारावरून जाई, उतरणारीही जाई. गाडी थांबण्याआधीच तिचे दुखणे तो आवाजावरून ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. अशा ख्यातीतले अर्धे खरे असते आणि अर्धे चहाच्या टपरीवर तयार होते. आपण अर्धेच धरू. या कथेला तेवढे पुरते. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य म्हणजे पोरसवदा नव्हे; चांगला तिशी ओलांडलेला, संसारी, दंडाने भक्कम आणि हाताने झपाट्याचा. मेस्त्रीनंतर गॅरेज तोच सांभाळणार, हे सगळे धरून चालले होते. तो स्वतः तर फारच.

मेस्त्रीची एक सवय होती. दुरुस्त झालेली गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्यापूर्वी तो स्वतः आत बसे आणि स्टिअरिंगचे चाक डाव्या हाताच्या दोन बोटांनी फिरवून पाही. त्या हातावर एकदा जॅक निसटला होता आणि तेव्हापासून बोटांत जोर उरला नव्हता. उजवा हात धडधाकट असताना हा मनुष्य मुद्दाम अधू हात का वापरतो, हे शिष्याला कधी उमगले नाही. त्याला ती म्हातारपणाची लहर वाटे. तो स्वतः उजव्या हाताने चाकाला एक हिसका देई, चाक फिरे, आणि तो म्हणे, "चालतंय. न्या."

पायथ्याच्या गावातली मुले घाटमाथ्यावरच्या शाळेत जात. त्यांना नेणारी एक जुनी व्हॅन होती. तिचा चालक पूर्वी आखाड्यात घुमलेला, म्हणून गाव त्याला पैलवानच म्हणे. सकाळी मुलांना व्हॅनमध्ये चढवताना आया एकदा त्याच्या दंडांकडे पाहत आणि निर्धास्त मनाने घरी परतत. दंडांऐवजी चाकाकडे पाहायला हवे होते, असे मागाहून म्हणता येते. पण कोणती आई चाकाकडे पाहते?

अशा गाडीत चाकाला मदत करणारा एक पंप असतो. इंजिन त्याला पट्ट्याने फिरवते, तो तेल दाबाने पुढे ढकलतो, आणि त्या दाबामुळे चालकाने थोडेसे वळवले तरी पुढची चाके पुरती वळतात. माणसाच्या बळाला यंत्राने दिलेली ही जोड. या व्हॅनचा पंप आतून झिजत चालला होता. वळणावर तो कण्हत असे.

पैलवान अधूनमधून गॅरेजात येई. "अरे, वळताना जरा घुंई करतीय गाडी."

शिष्य बॉनेट उघडी, तेलाच्या डबीत डोकावी, तेल खाली गेलेले दिसे, तो वर भरी. आवाज बसे. मग चाकाला एक हिसका. "चालतंय."

"चालतंय ना? झालं तर मग."

तेल जाते कुठे, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. ते काळे का दिसते, हेही नाही. तेल टाकले की आवाज बसतो, आणि आवाज बसला की दुखणे बरे झाले असे वाटते. आपण घरातसुद्धा हेच करतो.

दरम्यान चाक जड होत होते. मात्र ते एका दिवसात झाले असते तर कळले असते. ते रोज काकणभर होत होते. पैलवानाचे दंडही रोज काकणभर अधिक जोर लावत गेले. त्यामुळे चाक कालच्यासारखेच आहे, असे त्याला प्रत्येक दिवशी मनापासून वाटे.

मग पैलवान तापाने आडवा झाला. मुलांची शाळा बुडू नये म्हणून त्याची बायको व्हॅन घेऊन गेली. तिच्याजवळ परवाना होता. लग्नाआधी तिने वडिलांचा टेम्पो बाजारात नेला-आणला होता. सकाळी मुलांना सोडून, रिकामी गाडी हळूहळू उतरवून ती घरी आली आणि म्हणाली, "चाक लई जड लागतंय. उतरताना दोनदा काळजात धस्स झालं."

"तुला सवय नाही," पैलवान पांघरुणातून म्हणाला. "जोर लाव की जरा."

दुपारी ती पुन्हा वर गेली आणि मुलांना घेऊन उतरू लागली. मधल्या मोठ्या वळणावर चाक उजवीकडे अर्धे फिरले आणि तिथेच राहिले. तिने ब्रेक दाबला होता, तरी व्हॅनची डावी बाजू कठड्यावर घासत जाऊन आदळली. कठडा टिकला, म्हणून मुले वाचली. पण पुढे डावीकडे बसलेल्या मुलीचा पाय दारात चेपला. तो गुडघ्याखालून काढावा लागला. मुलगी तिसरीत होती.

अंधार पडायच्या आत गावाने निवाडा करून टाकला. बाईने घाबरून चाक सोडले. कोणी पाहिले, असे विचारणारा कोणी निघाला नाही. आणि बाईच्या हाती गाडी, एवढ्यावरच बहुतेकांना सगळे दिसत होते. ती स्वतः, उजवे मनगट प्लास्टरमध्ये, एवढेच म्हणे, "मला वळवता आलं नाही." लोकांनी याला कबुली समजले. तपासायला आलेल्या साहेबाने ब्रेक पाहिले, टायर पाहिले, बंद गाडीचे चाक हलवून पाहिले. बंद गाडीचे चाक जडच लागते, म्हणून त्यातून काही निघाले नाही. आता पालक मंडळी पोलिसांत जबाब देणार होती: बाईने हात सोडले. तसे झाले तर ती तुरुंगात जाणार, हे लोक उघड बोलत. त्यात काही वावगे आहे असे फार जणांना वाटत नव्हते.

चेपलेली व्हॅन ओढून गॅरेजात आणली गेली. मेस्त्री कामानिमित्त तालुक्याला निघाला होता. तो शिष्याला म्हणाला, "इंजिन चालू होतंय. बघ जरा, काय म्हणतीय ती."

शिष्य एकटाच होता. त्याने इंजिन चालू करून चाक हातात घेतले. ॲक्सिलेटर दाबून ठेवला तर चाक कसेबसे फिरत होते. पाय काढला, इंजिन हळू झाले, की पंप दम सोडत होता आणि चाक दगडासारखे होत होते. उतारावर तर पाय ॲक्सिलेटरवर नसतोच. त्याने डबीतल्या तेलात बोट बुडवले आणि अंगठ्यावर चोळले. काळ्या तेलात बारीक चकाकी होती. पंप आतून स्वतःलाच खरवडून खात होता, आणि असा चुरा एका दिवसात साचत नाही.

त्याला सगळे कळले. तेल कोण भरत होते, हेही.

त्याने त्याच दुपारी नवा पंप आणला. पट्टा उतरवला, नळ्या सोडवल्या, जुना पंप काढून भंगारात फुटक्या सायलेन्सरांच्या खाली सारला. नवा बसवला. चाक लोण्यासारखे फिरू लागले. चांगले काम झाले की मेस्त्रीला दाखवायला धावणारा हा मनुष्य, त्या दिवशी मात्र हात धुऊन गप्प बसून राहिला.

मेस्त्री परतला. आत बसला, दोन बोटांनी चाक फिरवले, उतरला.

"जुना कुठंय?"

"भंगारात."

"काढून आण. परत लाव."

शिष्याला वाटले, म्हाताऱ्याचे आता खरेच वय झाले. "उस्ताद, तो गेलाय. खराब पंप परत लावायचा?"

"खराब आहे म्हणूनच," मेस्त्री म्हणाला. "तेलही त्याचंच घाल. आणि रविवारी सगळ्यांना बोलाव. पोरीच्या आईबापाला, पैलवानाला, त्याच्या बायकोला. जबाब देणारे सगळे."

रविवारी माणसे जमली. गॅरेजपुढचे अंगण रस्त्याकडे उतरते होते. त्याच्या टोकाला मेस्त्रीने जुन्या टायरांची कमरेएवढी रास रचली होती. पैलवानाची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा होती. तिथे कोणी उभे राहत नव्हते.

"गाडी वरून सोडायची," मेस्त्री म्हणाला. "पहिल्या गिअरात. पाय ब्रेकवर आणि क्लचवर, घाटात असतात तसे. पाठ सीटला. टायर आले की उजवीकडे वळायचं."

"मेस्त्री, सर्कस लावली काय?" एक जण म्हणाला. "आम्हाला काय येत नाही होय गाडी चालवायला?"

"येते. म्हणून तर तुम्हीच चालवा."

"बस की लेका, तू जीप पळवतोस ना," दुसऱ्याने त्याला ढोसले, आणि चारचौघे हसले.

तो बसला. व्हॅन उतरू लागली, पंप कण्हला, आणि टायर जवळ येताच तो चाकाशी झोंबू लागला. पाय पेडलवर, त्यामुळे रेटा द्यायला जमीन नाही. व्हॅन सरळ जाऊन राशीवर आदळली. एक टायर घरंगळत रस्त्यावर गेला. 

मग त्या मुलीचा बाप पुढे आला.  वरून गाडी सोडली, दात आवळून चाक ओढले, आणि त्याचीही व्हॅन डाव्या बाजूने टायरांवर जाऊन धडकली. डावीकडची सीट रिकामी होती. तो कितीतरी वेळ त्या सीटकडे बघत आतच बसून राहिला.

"पैलवान," मेस्त्री म्हणाला.

पैलवान बसला. त्याने चाक फिरवले. टायर चुकले, पण ते फिरवताना तो सीटवरून अर्धा उठला होता आणि त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. उतरल्यावर तो धापा टाकत होता. आजारातून नुकता उठलेला.

"रोज असंच फिरवायचास?"

"हो."

"असं कधीपासून?"

पैलवानाने विचार केला.  "ध्यानातच आलं नाही," तो म्हणाला. मग भिंतीकडे न बघता, खालच्या आवाजात, "तिनं त्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, जोर लाव."

"हे धडकेनं जड झालं असेल," जीपवाला म्हणाला. "पुढचं काहीतरी वाकलं असेल की."

"बरोबर विचारलंस," मेस्त्री म्हणाला. "थांबा सगळे." आणि शिष्याकडे वळून, "नवा लाव. यांच्यासमोर. बाकी कशालाही हात लावू नकोस."

शिष्य कामाला लागला. एरवी बोलताबोलता, शीळ घालत करायचे काम. पण इतक्या डोळ्यांखाली त्याच्या हातून पाना निसटत होता. पट्टा उतरला. काळे तेल घमेल्यात ओतले गेले आणि उन्हात त्यातली चकाकी सगळ्यांना दिसली. जुना पंप मेस्त्रीने मुलीच्या बापाच्या हातात दिला. नवा पंप बसला, नळ्या धुऊन जोडल्या, ताजे तेल भरले. मग व्हॅनचे तोंड जॅकवर उचलून, इंजिन बंदच ठेवून, शिष्य चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवीत राहिला. डबीत बुडबुडे येत होते.

"आता आणि काय? चालू कर की," मागून कोणी पुटपुटले.

"आत हवा आहे," मेस्त्री म्हणाला. "ती जाऊ न देता चालू केलं तर हा नवासुद्धा कण्हायला लागेल. दम धरा."

बुडबुडे थांबले. इंजिन चालू झाले. कण्हणे नव्हते.

मेस्त्री भिंतीपाशी गेला. "चल, पोरी."

"नको," ती म्हणाली. "माझ्यानं नाही होणार."

"हात एकच आहे तुला. माझंही तसंच आहे. चल."

ती चढली तेव्हा गर्दीतून एक विचित्र हुंकार उठला. डाव्या हाताने तिने गिअर टाकला, मग तोच हात चाकावर ठेवला. व्हॅन उतरू लागली. टायर जवळ आले. तिचे डोळे मिटल्यासारखे झाले, पण हात वळला, आणि त्याच्याबरोबर गाडीही वळली, मोकळी. ती थांबली आणि चाकावर कपाळ टेकून बसली.

 मुलीचा बाप म्हणाला, "चाक जड होतं, मानलं. पण म्हणून तिनं सोडलं नाही कशावरून? घाबरून सोडलंच असेल." त्याचा आवाज चढला नव्हता. ज्याचे घर जळले तो उरलेल्या एका वाशाला धरून बसतो, तसा तो त्या एका वाक्याला धरून बसला होता.

मेस्त्रीने तिच्या प्लास्टरकडे बोट केले. "हे मनगट कशानं मोडलं असेल, सांग. गाडी कठड्याला लागली तेव्हा चाकानं उलटा झटका मारला. तो बसला तो चाकावर असलेल्या हाताला. सोडलेल्या हाताचं मनगट असं मोडत नाही, बाबा. मोडेपर्यंत तिनं धरून ठेवलं होतं."

मुलीची आई आतापर्यंत मागे उभी होती. ती व्हॅनपाशी आली. ज्या बाईला कित्येक दिवस कोणी नावाने हाक मारली नव्हती, तिला तिने विचारले, "वैजयंता, सोडलं नव्हतंस?"

"नाही, ताई."

आईने मान हलवली. मग मेस्त्रीकडे वळून ती म्हणाली, "मी रोज सकाळी उठून हिला शिव्या देते. त्यावरच उठते मी. आता कोणाला देऊ?"

  तेव्हा शिष्य हातातला पाना खाली ठेवून पुढे आला.

"मला द्या," तो म्हणाला. "तेल मी भरत होतो. दर वेळी चाक फिरवून चालतंय म्हणणारा मीच. गाडी इथं आणल्यावर जुना पंप भंगारात टाकला तोही मीच, कोणाला दिसू नये म्हणून."

तिने त्याच्याकडे पाहिले. शिवी दिली नाही. क्षमाही केली नाही. पदर सावरून ती चालू लागली, तिच्यामागे तिचा नवरा, जुना पंप अजून हातातच घेऊन. पोलिसांत जबाब देताना त्याने तो टेबलावर ठेवला, एवढे मागाहून कळले. त्या जबाबात वैजयंताने हात सोडल्याचे वाक्य नव्हते. शिष्यानेही जाऊन आपले सांगितले आणि त्याचे जे व्हायचे ते झाले. ते हलके नव्हते.

त्या संध्याकाळी मात्र, अंगणातले टायर गोळा करताना, त्याने मेस्त्रीला विचारले, "उस्ताद, तुम्हाला आधीच सगळं माहीत होतं. नुसतं सांगितलं असतं तरी लोकांनी तुमचं ऐकलं असतं."

मेस्त्री टायरावर बसला. "ऐकलं असतं. पण ते माझं म्हणणं राहिलं असतं. जडपणा सांगून कळत नाही रे, तो हाताला लागावा लागतो. तिनं सांगितला होता नवऱ्याला, काय झालं? यंत्रातला दोष आधी यंत्रात दिसत नाही. तो बलवान माणसाच्या दंडात जाऊन लपतो. तो रेटतो, आपण त्याला शाबास म्हणतो, आणि आत झीज चालूच राहते. एक दिवस त्याच्या जागी दुसरं कोणी बसतं, आणि मग आपण त्या बसणाऱ्याला दुबळं ठरवतो. तुझ्या उजव्या हातानं गाडी कधी तपासू नकोस. तुझा हात खोटं बोलतो. त्याचा त्यात दोष नाही, तो जोरदार आहे, एवढंच."

शिष्याने मेस्त्रीच्या डाव्या हाताकडे पाहिले, आणि पाहतच राहिला.

"आणि जुना पंप परत लावायला सांगितला," मेस्त्री उठत म्हणाला, "ते लोकांसाठी होतं, तसं तुझ्यासाठीही. तू बोलशील की नाही, हे काही मला आवाजावरून ओळखता आलं नव्हतं."

पुढे बऱ्याच काळाने शिष्य शिक्षा भोगून गॅरेजात परतला. मुलगी तोवर कुबडी घेऊन शाळेत जाऊ लागली होती. तिचा पाय काही परत आला नाही, आणि कोणत्याही कथेने येणार नाही. शिष्याच्या हाताखालून पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा तो आत बसला, उजवा हात मांडीखाली दाबून धरला, आणि डाव्या हाताची दोन बोटे चाकावर ठेवली.

आपल्याही घरात जे माणूस कधीच "जड जातंय" म्हणत नाही, त्याच्या जागी एक दिवस आपण बसून पाहावे. आणि ते माणूस आपणच असू, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता तेवढे तीन शब्द म्हणून टाकावेत: मला जड जातंय.